आमचे साडू जंग काढतात

वर्ध्याच्या आमच्या नव्या घराची वास्तुशांती होती. पाहुण्यांनी जिना पाहिला, टाइल्स पाहिल्या, देवघर पाहिलं आणि सगळे पंगतीला बसले. आमचे साडू देवराव ढोमणे मात्र गेटपाशीच थांबले. नवं कोरं लोखंडी गेट होतं, चकचकीत काळं, वर सोनेरी भाले. देवराव खाली वाकले, अंगठ्याचं नख गेटच्या कोपऱ्यात घातलं आणि अलगद एक टवका काढला. तो तळहातावर घेऊन, चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी उलटसुलट पाहिला. मग सगळ्या पंगतीला ऐकू जाईल अशा आवाजात मला म्हणाले, "साडूभाऊ, तुमच्या पेंटरनं खाली रेड ऑक्साइड माराले पाह्यजे होता. जंगावरच रंग चढवला त्यानं. दोन पावसाळे पाहन हे गेट."

निम्मी पंगत जिलेबी ठेवून गेट पाहायला उठली. त्या दिवशी माझ्या घराबद्दल जे काही बोललं गेलं ते सगळं त्या टवक्याबद्दल होतं. दोन पावसाळ्यांनी गेटला पोपडे आले. ते कोणाला दिसू नयेत म्हणून मी तिथे बोगनवेल लावली.

देवरावांना कुठलीही रंगवलेली वस्तू दिसली की तिच्या खाली काय आहे, हे पाहिल्याशिवाय राहवत नाही. एसटीच्या दांडीवर, दवाखान्यातल्या खाटेवर, बँकेच्या तिजोरीवाल्या खोलीच्या दारावर, सगळीकडे त्यांचं नख फिरलेलं आहे. एका लग्नात मुलीकडून आलेल्या कपाटाला त्यांनी नख लावलं आणि सहज म्हणाले, "जुनंच आहे, वरून हात मारला." त्या लग्नात पुढे जे झालं ते इथे सांगण्यासारखं नाही.

साडू म्हणजे बायकोच्या बहिणीचा नवरा. त्यांची बायको कुंदाताई मोठी, माझी वंदना धाकटी. या नात्यात माणसाला दुसरं काही करायचं नसतं, फक्त तुलना सहन करायची असते. आणि तुलनेत मी कुठेही कमी नाही, हे मी आधीच सांगून ठेवतो. माझं वर्ध्यात बियाणं-खताचं दुकान आहे, ओलिताची शेती आहे, दुमजली घर आहे. देवरावांचं कारंजाला, घाडग्यांच्या कारंजाला, हायवेला लागून वावर आहे. वांगी, टमाटे, फुलकोबी पिकवतात आणि बाजारात नेतात. घर साधं, मातीच्या अंगणाचं. बाजूला टिनाचं एक लांबलचक शेड. त्या शेडमध्ये ते जुने ट्रॅक्टर सोलतात.

सोलतात हा त्यांचाच शब्द. पहिला ट्रॅक्टर त्यांनी भंगारवाल्याकडून सोडवून आणला. तो कापायला काढला होता, गॅस-कटर पेटलेला होता. देवराव म्हणाले, "थांब बे, याच्या अंगावर अजून जागा आहे." ती जागा कोणती ते भंगारवाल्याला कळलं नाही आणि मलाही अजून कळलेलं नाही. पण त्यानंतर त्यांनी दोन-तीन ट्रॅक्टर असे सोलून, रंगवून उभे केले, की नागपूर-अमरावती रस्त्यावरचे ट्रकवाले चहाला थांबायचे ते धाब्यावर न थांबता त्यांच्या शेडसमोर थांबू लागले.

आमच्याकडे गंज म्हणजे भाजी करायचं भांडं. म्हणून लोखंडाच्या गंजाला आम्ही जंग म्हणतो. देवराव मात्र जंगाबद्दल असं बोलतात, जसं कोणी गावातल्या माणसांबद्दल बोलावं. "हा वरवरचा जंग आहे, गरीब आहे, ब्रश पाहूनच निघून जाईल. हा काळा बसलेला, याले त्रास देऊ नका. अन् हा जो पापुद्रे काढून राह्यला न, हा खाणारा आहे. याच्याशी बसून बोला लागते."

बसून बोलणं म्हणजे काय ते मी पाहिलेलं आहे. आधी डिझेल आणि सोड्याच्या पाण्यानं सगळा ट्रॅक्टर धुवायचा, कारण ग्रीसवर कुठलंच औषध चालत नाही. मग रंग उतरवायचं औषध ब्रशनं जाड लावायचं, वर प्लास्टिक पसरायचं आणि खुर्ची टाकून बसायचं. थोड्या वेळानं आत रंग सुरकुततो, दुधावरच्या सायीसारखा गोळा होतो. मग पत्रीनं, म्हणजे खरवडायच्या पात्यानं, तो ओढायचा, एकाच दिशेनं, जोर न लावता. मी एकदा म्हटलं, "साडूभाऊ, ग्राइंडर लावा न, तासाभरात साफ." त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी लहान पोराच्या तोंडावर ग्राइंडर लावायला सांगितलं. "पत्रा पातळ होते. सावकाश. लोखंड कुठं पळून नाई चाललं."

एमआयडीसीत वाळूचा मारा करून साफ करून देतात, हेही मी सुचवलं. "पत्र्याले लाटा येतात," म्हणाले आणि उठून गेले.

छोट्या भागांसाठी निळा ड्रम आहे. त्यात पाणी, धुण्याचा सोडा आणि बॅटरीचा चार्जर. काळी तार जंगलेल्या भागाला, लाल तार भंगार पत्र्याला. बुडबुडे यायला लागले की देवराव ड्रमजवळ खुर्ची ओढतात. आपण क्रिकेट पाहतो तसे ते बुडबुडे पाहतात. नटबोल्ट चिंचेच्या पाण्यात भिजतात. कुंदाताई मला म्हणाल्या, "आमच्या घरी वरणाले चिंच नाई, बोल्टाले आहे."

आणि साफ झालेल्या लोखंडाला कोणी हात लावायचा नाही. "घामाचं बोट लावलं का उद्या तिथं बोटाच्या आकाराचा जंग दिसते." लगेच प्राइमर मारायचा, आणि जमलं नाही तर कपड्यानं झाकून ठेवायचं. "उघडं अंग आहे, हवा लागते," असं म्हणून ते बोनेटवर कुंदाताईंची जुनी साडी पांघरतात.

आता मी काय केलं ते सांगतो. मी नवा ट्रॅक्टर घेतला. पॉवर स्टेअरिंग, डोक्यावर छत, मोबाइल चार्ज करायची सोय. दुकानासमोर उभा केला, हार घातला, नारळ फोडला, पेढे वाटले. लोकांनी पेढा तोंडात टाकला, टायरला हात लावला आणि विचारलं, "देवरावचा कुठपर्यंत आला?"

हे वाक्य मी इतक्या जणांच्या तोंडून ऐकलं, की शेवटी मी नारळाचं खोबरं वाटायचं बंद केलं.

पण ट्रॅक्टरपर्यंत ठीक होतं. खरी जळजळ पुढे आहे.

आम्हा दोघांचे सासरे, आम्ही त्यांना मामाजी म्हणतो, हिंगणीचे. बोर धरणाच्या अंगाला त्यांची शेती. गावातला पहिला ट्रॅक्टर त्यांचा. मुलगा नाही, या दोन मुलीच. सासूबाई गेल्यावर ते एकटे राहिले आणि हळूहळू विसरायला लागले. आधी चष्मा विसरले, मग जेवण झालं की नाही ते विसरले, मग एक दिवस स्वतःच्याच वावराचा रस्ता विसरले. तेव्हा मी त्यांना वर्ध्याला आणलं. आणलं म्हणजे पूर्ण तयारीनं आणलं. खालच्या मजल्यावर वेगळी खोली, टीव्ही, संडासात धरायला दांड्या, मऊ गादी. शेजारी म्हणाले, जावई असावा तर असा. हे वाक्य मी पुन्हा पुन्हा मनात म्हणून पाहिलेलं आहे.

मामाजी रोज सकाळी अंथरुणाची घडी करायचे, पिशवी मांडीवर घेऊन ओट्यावर बसायचे आणि मला अदबीनं विचारायचे, "साहेब, हिंगणीची गाडी किती वाजता आहे?" आपल्या घरात आपल्याला कोणी लॉजचा मॅनेजर समजावं, याचं काय वाटतं ते ज्याचं त्यालाच कळतं. दोनदा ते एसटी स्टँडवर सापडले. एकदा सापडायला संध्याकाळ झाली, तेव्हा वंदना स्टँडच्या बाकावर बसून रडली.

मग एक दिवस देवराव ट्रक घेऊन आले. ट्रकवर मामाजींचा तो जुना ट्रॅक्टर होता. हिंगणीला गोठ्यामागे कित्येक वर्षं उभा असलेला, सीटमधून गवत उगवलेला, चारही चाकं बसलेला. देवराव तो कारंजाला सोलायला नेत होते आणि वाट वाकडी करून आम्हाला दाखवायला थांबले होते. मामाजी ओट्यावर बसलेले. त्यांनी मान वर केली, उठले, गेटच्या बाहेर गेले, ट्रॅक्टरकडे बोट दाखवून म्हणाले, "हा माझा आहे." आणि ट्रकच्या कॅबिनमध्ये चढून बसले. पिशवीसुद्धा घेतली नाही.

माझ्या घरातून, दांड्या बसवलेल्या संडासातून, मऊ गादीवरून माझा सासरा एका भंगाराच्या मागे निघून गेला. देवराव म्हणाले, "चार दिवस राहू द्या, मन रमन." ते चार दिवस अजून संपलेले नाहीत.

वंदना दर रविवारी डबा घेऊन कारंजाला जायला लागली. मी जात नव्हतो. दुकान असतं. ती परत आली की स्वयंपाकघरातूनच सुरू व्हायची. "आज भाऊजींनी बोनेटचा निळा उतरवला. खाली लाल निघाला. बाबा काय म्हणाले माहीत आहे? म्हणाले, हा लाल रंग कुंदाच्या लग्नात दिला होता. वरात याच्यावरच काढली होती." मामाजींना दुपारचं जेवण आठवत नव्हतं आणि हे आठवत होतं. मलाही नवल वाटलं. मी विचारलं, "आपल्या लग्नातला रंग कोणता?"

वंदनानं रिकामा डबा घासायला घेतला. "आपल्या लग्नात रंग दिला नव्हता," ती म्हणाली. "नुसता धुतला होता."

त्या रात्री मी जेवलो नाही असं नाही, पण भाजीची चव लागली नाही.

मग दर रविवारी तेच. बाबांनी आज पॉलिश पेपर घासला. बाबा आज हसले. बाबा भाऊजींना सारखी हाक मारतात, भाऊजी दिसले नाहीत की अस्वस्थ होतात. मी हिशेबाच्या वहीत मान घालून ऐकायचो. माझ्याकडे असताना मामाजींनी मला एकदाही नावानं हाक मारली नव्हती.

या सगळ्यात ट्रॅक्टर मात्र पूर्ण होत नव्हता. आधीचे ट्रॅक्टर देवरावांनी एवढ्या वेळात केव्हाच रंगवून बाहेर काढले असते. मला मनातून बरं वाटत होतं. म्हटलं, अडला कुठेतरी.

तेवढ्यात वर्ध्याला शेतीचं प्रदर्शन भरायचं ठरलं. ते भरवणारी मंडळी माझ्या दुकानात आली. मी खुर्च्या पुसायला लावल्या, चहा सांगितला. वाटलं, उद्घाटनाला बोलावतात. त्यांनी चहा घेतला आणि विचारलं, "ते देवराव तुमचेच साडू न? त्यांचा जुना ट्रॅक्टर दाराशी ठेवायचा आहे. ते फोनवर नाही म्हणतात. तुम्ही सांगून पाहा."

मी गेलो. माझा उद्देश फार चांगला होता असं म्हणणार नाही. देवरावांना जमत नाही, हे मला एकदा डोळ्यांनी पाहायचं होतं.

दुपारी पोचलो. शेडमध्ये ट्रॅक्टर उभा होता. सगळा साफ, लालसर प्राइमर मारलेला, फक्त रंगाचा शेवटचा हात बाकी. एक डावं मडगार्ड तेवढं उघडं होतं. त्याच्याजवळ स्टुलावर मामाजी बसले होते आणि पाण्यात बुडवलेला पॉलिश पेपर पत्र्यावर गोल गोल फिरवत होते. चेहरा गंभीर. मी पाया पडलो. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"कोन आहे हा?" त्यांनी विचारलं. "गणपत, पाह्य रे कोन आलं."

ड्रमजवळून देवराव उठून आले. "ओळखीचा मानूस आहे मालक," ते म्हणाले. "बसू द्या त्याले."

"काम करन का?"

"करन न."

"मग पानी आन, गणपत. अन् तू काऊन बसून राह्यला? सकाळपासून दोन नट काढले तुनं. तुले सालाचे पैसे कायचे देतो मी?"

"चुकलं मालक," देवराव म्हणाले, आणि खरंच जाऊन पाणी घेऊन आले.

 कुंदाताईंनी मला चहाच्या निमित्तानं आत बोलावलं. चुलीकडे पाहत बोलल्या. "गणपत आमच्या घरचा सालदार गडी होता. मी लहान होती तव्हाचा. जाऊन किती वर्षं झाली त्याले. बाबाले वाटते हे गणपतच आहे."

"तुम्ही सांगितलं नाही का, हे देवराव आहेत म्हणून?"

"सांगतलं न. पयल्या दिवशी हे म्हणाले, मामाजी, मी देवराव, तुमचा जवाई. बाबा घाबरले. कोन जवाई, कुठचा जवाई, म्हणून कोपऱ्यात जाऊन बसले, जेवले नाई. दुसऱ्या दिवशी यायले पाहून म्हणाले, गणपत, आला का बे. हे म्हणाले, आलो मालक. तव्हापासून हे गणपतच आहेत. मले ओळखतात, वंदीले ओळखतात. यायले नाई."

"वंदना मला काही बोलली नाही."

"यायनंच मना केलं. म्हणाले, साडूभाऊ आपल्याले हसतीन."

मी चहा संपवला. हसलो असतो का? दोन दिवसांपूर्वी नक्की हसलो असतो.

ऊन उतरलं तशा कुंदाताई मामाजींना हात धरून घरात घेऊन गेल्या. डावं मडगार्ड आता पूर्ण साफ झालं होतं, चांदीसारखं. मी मनात म्हटलं, आता देवराव प्राइमर काढणार, निदान साडी पांघरणार. देवरावांनी घरातून एका मगात पाणी आणलं, त्यात मूठभर मीठ ढवळलं आणि ते पाणी हातानं त्या मडगार्डवर शिंपडायला सुरुवात केली. सगळीकडे नीट, कोपरे न सोडता, जसं अंगणात सडा टाकतात.

मी म्हटलं, "साडूभाऊ, हे काय करून राह्यले?"

"उद्यासाठी," ते म्हणाले.

"जंग चढन न सकाळपर्यंत."

"चढला पाह्यजे." त्यांनी रिकामा मग उपडा केला. "हाताले काम असलं का ते बसतात. काम सरलं का उठतात अन् हायवेकडं चालाले लागतात, हिंगणीले जातो म्हणून. ट्रक काही थांबते का? एकदा मी पोचलो म्हणून वाचले. मांगं एक मडगार्ड घासून घासून पार पातळ झालं, ते बदललं. हे दुसरं आहे."

आयुष्यभर ज्या माणसानं लोखंडाला घामाचं बोट लागू दिलं नाही, तो रोज संध्याकाळी आपल्या हातानं मीठ-पाणी टाकत होता. मला प्रदर्शनाचा निरोप द्यायचा होता. दिला नाही. विचारलं फक्त, "अन् रंग?"

"रंग दिला तर मंग काय घासतीन?"

आम्ही शेडच्या बाहेर खाटेवर बसलो. हायवेवरून ट्रक जात होते. देवरावांचे हात मांडीवर होते, नखांत लाल धूळ.  मग म्हणाले, "बाजारात कुंदी माल घेऊन जाते आता. मले शेड सोडता येत नाई. ट्रकवाले येतात, पण मालक ओरडतात त्यायच्यावर, म्हणून मीच थांबू नका म्हणतो. दिवसभर गणपत, गणपत. रातच्याले कुंदी कधी नावानं बोलली तर मी मांगं वळून पाह्यतो, कोनाले म्हणते म्हणून." ते किंचित हसले. "आज तुमी साडूभाऊ म्हणाले. बरं वाटलं."

 मी म्हटलं, "गुरुवारी दुकान बंद असते माझं. येतो मी. तुमी बाजार करून या."

वंदनाला घरी येऊन सांगितलं तर ती म्हणाली, "गुरुवारी दुकान कधी बंद असतं?" मी म्हटलं, "आता असते."

मी गुरुवारी गेलो. देवराव धुतलेला शर्ट घालून, फुलकोबीची पोती टेम्पोत टाकून बाजाराला निघाले, पण फाटकापाशी थांबून राहिले. मी स्टूल ओढून मामाजींच्या बाजूला बसलो, पॉलिश पेपर पाण्यात बुडवला आणि मडगार्ड घासायला लागलो. जंग खरंच पातळ होता, ब्रश पाहूनच निघून जाईल असा. मला वाटलं, चांगलं जमतंय. मामाजी थोडा वेळ माझ्या हाताकडे पाहत राहिले. मग त्यांनी माझ्या हातातला पेपर काढून घेतला आणि फाटकाकडे पाहून म्हणाले, "गणपत, हा नवा मानूस कामाचा नाई. जोर लावते. तूच ये."

देवराव तिथूनच म्हणाले, "राहू द्या मालक. शिकन तो. घरचाच आहे."

मामाजींनी मला पुन्हा एकदा नीट पाहिलं. पेपर परत दिला, पण अर्धा फाडून.